कोंबडा सोडला कोनी?

मित्रांनो, गेलं वर्षभर पाहुण्यांनी मला फुलदाणी समजलं, म्हणून आधीच सांगतो, मी घुमट आहे. जुना, चारकोप गावातला. कुंभाराने मला मडक्यासारखं घडवलं, पण तोंडं दोन ठेवली. मोठ्या तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं, धाकटं उघडं राहिलं. एका हाताने कातड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या हाताने धाकटं तोंड झाकायचं, उघडायचं. मग मी बोलतो.

मला बोलतं करायचा तो लेस्टर. दिवसा बेकरीत पाव भाजायचा आणि संध्याकाळी गाणी रचायचा. गाणी कसली, गोष्टीच त्या! कोणाचा सासरा भलत्याच लग्नात जेवून आला, कोणाच्या डुकराने फादरची चप्पल पळवली. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. त्या वाटेवर लेस्टर लग्नघराची फिरकी घ्यायचा. त्याचा नियम एकच, शेवटचं कडवं ज्याची थट्टा झाली त्याचं. लेस्टर थांबला की त्या माणसाने तिथल्या तिथे गाऊन उत्तर द्यायचं. सगळे द्यायचे.

त्याची बायको शर्ली मात्र देत नसे. तिच्यावर गाणं होतं कोंबड्याचं. ईस्टरला कापायला आणलेला कोंबडा टोपलीतून पळतो, शर्ली सुरी घेऊन मागे, कोंबडा थेट चर्चमध्ये, आणि शेवटी लेस्टर विचारतो, ‘सांग शर्ले, कोंबडा सोडला कोनी?’

शर्ली हात झटकायची. “चल रे, कामं पडलीत मला.”

गेल्या वर्षी लेस्टर गेला. हॉलमध्ये त्याची शोकसभा झाली, लांबलचक भाषणं झाली, एकही माणूस हसला नाही. लेस्टर असता तर मागच्या दाराने सटकला असता. शर्ली रडली नाही. ती जेवायची, झोपायची, टीव्ही लावायची, पण बोलायची नाही. मला शोकेसमध्ये ठेवून कोणीतरी पोटात प्लास्टिकची फुलं खोचली. दमट हवेने माझं कातडं सैल पडलं. मला दुःख झालं असं म्हणायला हवं, पण खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. एकाच खोलीत आम्ही दोघं बधिर होऊन बसलो होतो.

मग त्यांच्या मुलीचं, व्हॅलेन्सियाचं लग्न ठरलं. शर्लीचा भाचा वेन म्हणाला, “डीजे लावू ना, झकास होईल.”

“डॅडाचा घुमट वाजला नाही तर पाणी आणूच नका,” व्हॅलेन्सिया म्हणाली. “आणि मम्मा पण आली पाहिजे.”

उंबराच्या पाण्याच्या दिवशी सकाळी वेनने फुलं काढून थाप मारली. थप्प! घुमटाला आधी ऊन द्यावं लागतं, पण आमच्या इमारतीत खिडकीला खिडकी चिकटलेली, घरात ऊन येतच नाही. वेनने सरळ हेअर ड्रायर लावला.

“अरे गाढवा, कातडं फाटेल ना!”

शर्ली ओरडली होती. वेनच्या हातातून मला ओढून ती गच्चीवर गेली. मला उन्हात ठेवलं आणि दुपारपर्यंत शेजारी बसून राहिली.

संध्याकाळी विहिरीवर वेन मला वाजवत होता आणि व्हॅलेन्सिया कोंबड्याचं गाणं म्हणत होती. ‘सांग शर्ले, कोंबडा सोडला कोनी?’ म्हणून ती थांबली. वेनचा हातही थांबला. सगळे शर्लीकडे बघत होते. शर्लीने फाटक्या आवाजात चाल धरली.

‘तूच सोडलास रे लेस्टर, मी खिडकीतून पाहिलं,
कोंबडा तरी संध्याकाळी घरी आला.’

आधी सगळे हसले. मग दिसलं, शर्ली कळशी टेकवून रडत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य गप्प पडलं असेल तर त्यात फुलं खोचू नका. त्याला उन्हात ठेवा आणि जरा वेळ शेजारी बसा. मी लगेच खणखणीत झालो असं नाही, अजून निम्म्या कातड्याला थाप कळत नाही. शर्लीही फारसं बोलत नाही. पण दर रविवारी ती मला गच्चीवर नेते, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसतो.