न उघडलेल्या गठ्ठ्यावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडाची, पोट रबराचं आणि पोटावर एकच शब्द: ‘तपासले’. गोष्ट सांगताना थोडं तिखटमीठ लावायची माझी खोड आहे, ते तुम्ही चालवून घ्या. पण जिथं मला लाज वाटते, तिथं मी एक अक्षरही वाढवलेलं नाही.

माझा जन्म एका बोळातल्या शिक्केवाल्याकडे झाला. तो जन्मभर अक्षरं उलटी कोरत आला होता, त्यामुळे संध्याकाळी घरीही उलटा चालत जायचा, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. माझ्या पोटावरचा रबराचा भुगा फुंकून तो म्हणाला, “बाबा रे, शब्द मोठा आहे तुझा. जपून उमट.”

तिथून मी एका मोठ्या बँकेच्या चौथ्या मजल्यावर गेलो. तुम्ही खाऊचे पैसे ठेवता तशी ती बँक नव्हती. छोट्या कंपन्यांनी लोकांना घरासाठी दिलेली कर्जं ती विकत घ्यायची, शंभर-शंभर फायलींचे गठ्ठे बांधायची आणि त्यांतून येणाऱ्या हप्त्यांचे हिस्से बड्या गिऱ्हाइकांना विकायची. कर्ज चांगलं आहे की नाही हे बघायचं काम एका बाईंचं होतं. त्या भिंग लावून वाचत, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. दिवसाला सहा-सात फायली. माणसाचा पगार किती, हप्ता झेपेल का, घर जागेवर आहे का. पटलं तर आधी “हं” म्हणायच्या आणि मगच मला उचलायच्या. दर सातातल्या दोन फायली तरी परत जायच्या. “भिंगबाईंचा शिक्का पडला म्हणजे घराला पाया पडला,” असं लोक म्हणायचे आणि मी ताठ व्हायचो. एकदा मी चुकून एका माशीवर पडलो. ती तीन दिवस अंगावर ‘तपासले’ मिरवत हिंडत होती. तिला मारायची कुणाची छाती झाली नाही!

मग घरांच्या किमती चढू लागल्या आणि कर्जांच्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. मोठे साहेब स्वतः खाली आले.

“बाई, अशा वाचत बसलात तर बाजार उठून जाईल. गठ्ठ्यातली वरची एक फाईल बघा आणि वेष्टनावर शिक्का मारा.”

“आणि खालच्या नव्याण्णव?”

“त्या वरचीसारख्याच असणार. एकाच गठ्ठ्यातल्या ना?”

“साहेब, माझा भाऊ बस चालवतो. एका बसमधले सगळे प्रवासी सारखे नसतात.”

“पण सगळे एकाच गावाला पोचतात,” साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मी रोज शंभर गठ्ठ्यांवर पडू लागलो. “हं” म्हणायला कुणाला वेळच उरला नाही.

त्याच सुमारास तो बसवाला भाऊ धापा टाकत चौथ्या मजल्यावर आला. हातात किल्ली नाचवत होता.

“आक्का, घर घेतलं! आईला गच्ची मिळणार!”

“अरे, तुझा पगार कितीसा? कर्ज दिलं कुणी?”

“कोपऱ्यावरच्या कर्जवाल्याने. म्हणाला, काळजी नको, तुमचं कर्ज पुढं मोठी बँक विकत घेते, तिथं सगळं तपासतात. म्हटलं, तिथं तर आमची आक्काच बसते!”

“हप्ता झेपेल का?”

“दोन वर्षं अगदी हलका आहे. मग थोडा वाढतो.”

“थोडा म्हणजे?”

“ते तू बघितलं असशीलच की.”

भिंगबाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. भाऊ किल्ली नाचवत गेला. त्याची फाईल त्या ढिगात कुठंतरी होती. शोधायला एक दुपार पुरली असती. पण ती दुपार बाईंनी काढली नाही आणि मी शंभर गठ्ठ्यांवर पडलो.

काही महिन्यांनी बाईंच्या लक्षात आलं की वरची फाईल पुन्हा पुन्हा एकाच निवृत्त परिचारिकेची असते. तेच नाव, तोच पत्ता, अकरा गठ्ठ्यांवर. आम्ही फक्त वरची बघतो, हे छोट्या कंपन्यांना कळून चुकलं होतं. बाई तडक साहेबांकडे गेल्या.

“मग बरंच आहे की!” साहेब म्हणाले. “एवढी प्रामाणिक बाई अकरा वेळा मिळाली. आणि हो, तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे.”

बाई परत आल्या. त्यांनी मला उचललं. मित्रांनो, त्या दिवशी त्यांचा हात जड होता. मला ते कळलं, आणि तरीही मी ठसठशीत उमटलो. अंधुक उमटणंसुद्धा मला जमलं नाही.

दोन वर्षं सरली. हलके हप्ते जड झाले. लोकांना ते भरता येईनात. इतकी घरं एकदम विकायला निघाली की किमती कोसळल्या. गठ्ठ्यांचे हिस्से घेणारी गिऱ्हाइकं बँकेचे फोन उचलेनात, आणि न विकलेले शेकडो गठ्ठे बँकेच्याच गळ्यात राहिले. त्यांतलं फार तर पाच टक्के बुडेल, असं साहेबांनी मालकांना लिहून दिलं होतं. पुरावा काय? तर मी.

तेव्हा पहिल्यांदा गठ्ठ्यांच्या गाठी सुटल्या. कुठं घराच्या जागी नुसतं रान, कुठं एकाच घरावर तीन कर्जं. आठवडाभर सगळे फायली उपसत होते. मग हिशेबनीस एकदम फिस्कन हसला.

“बाई, हा बसवाला बघा! महिना चार लाख सत्तावीस हजार तीनशे सोळा! साहेबांपेक्षा जास्त! सोन्याची बस चालवतो की काय?”

सगळी खोली खो-खो हसली. बाईंनी कागद हातात घेतला आणि भिंग बाजूला ठेवलं. एकेक आकडा त्यांनी हळू वाचला. “चार, दोन, सात. तीन, एक, सहा.”

हसू थांबलं.

“हा आमच्या आईच्या घरचा फोन नंबर आहे,” बाई म्हणाल्या.

कर्जवाल्याने पगाराच्या रकान्यात फोन नंबर लिहिला होता. कुणी वाचला नव्हता. आणि त्या गठ्ठ्याच्या वेष्टनावर, मधोमध, मी होतो.

“मी तर बाबा शिक्क्यावर विश्वास ठेवला,” साहेब म्हणाले.

“शिक्क्याला हात लागतो, साहेब,” बाई म्हणाल्या. “तो माझा होता.” चौकशीला आलेल्यांनाही त्यांनी हेच लिहून दिलं. महिनाभरात बँकेची पाटी उतरली.

भावाच्या घराला कुलूप लागलं. आई आणि भाऊ बाईंच्या दोन खोल्यांत राहायला आले. सामान वर चढवताना भावाने एकदाच विचारलं, “आक्का, तू उघडली असतीस तर मला ‘नाही’ म्हणाली असतीस ना?”

“पहिल्याच पानाला.”

“मग मी दोन दिवस रुसलो असतो,” तो म्हणाला. “एवढंच.”

टेबल रिकामं करताना बाईंनी मला पिशवीत टाकून घरी आणलं. आता मी त्यांच्या फोनशेजारी असतो. शाई वाळली आहे, रबराला भेगा पडल्या आहेत. शेजारपाजारचे लोक सही करण्याआधी कर्जाचे कागद घेऊन येतात. बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मला मात्र उचलत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात कुणी माझ्यासारखा शिक्का देईल. त्याची मूठ गुळगुळीत असते, हाताला गोड लागते. पण आधी गाठ सोडा आणि खालची फाईल वर घ्या. त्यात कुणाची तरी गच्ची असते.

आईने तिचा जुना नंबर हट्टाने इथं आणवला आहे. घंटी वाजली की ती आतून ओरडते, “उचल गं, तुझ्या भावाचा पगार वाजतोय!” भाऊ हसतो. बाई हसत नाहीत. त्या फोन उचलतात, आणि बोलणं संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहतात.