होडीचा फंड

मैत्रेयीने होडीच्या फंडाकडे थोडंसं इथर हे क्रिप्टो चलन पाठवलं आणि मोबाइलकडे बघत राहिली. व्यवहार रद्द. रक्कम तिच्याच वॉलेटमध्ये राहिली, फी तेवढी गेली.

म्हणजे दुबईचे मधुकाका खरंच सांगत होते. त्यांचेही पैसे असेच परतले होते. वर हा फंड उभारणारा कल्पेश त्यांना म्हणाला होता, "मी लिंक देतो, तिथूनच पाठवा." कसली लिंक? मैत्रेयीने सकाळीच त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं, "काका, तूर्त थांबा."

गेल्या पुरात कल्पेशचे वडील, अनंता, मांजर्लीत छपरावर अडकले होते. म्हणून पुरासाठी ही होडी घ्यायची होती. परदेशातल्या ओळखीच्यांनी क्रिप्टोत पैसे द्यायचे. ते कोणा माणसाकडे न जाता थेट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जमा व्हायचे. तो कल्पेशने एकट्याने लिहिला होता. कॉलेजचा मित्र, म्हणून तिने कधी उघडूनही पाहिला नव्हता.

कात्रपच्या घरात बसून तिने आता तो ओळ न् ओळ वाचला. नुसती पाठवलेली रक्कम तो नाकारत होता. देणाऱ्याचं नाव घालून 'वर्गणी' या फंक्शनमधून आली, तरच घेत होता. लिंक तिथेच जात होती. इथवर ठीक. पण पैसे काढायचा अधिकार एकाच वॉलेटच्या पत्त्याला होता.

"सापडलास," ती पुटपुटली.

तिने पत्ता ताडून पाहिला. तो तिचाच होता. मागे चाचणीसाठी तिनेच कल्पेशला दिलेला. उद्या काही बिनसलं, तर बोट कोणाकडे?

ती रिक्षा करून मांजर्लीला कल्पेशकडे गेली.

"माझा पत्ता का घातलास?"

"माझा घातला असता तर इथे कोणी विश्वास ठेवला असता? आणि तू तरी?"

"विचारायचंस तरी!"

"विचारणारच होतो यार. आधी पैसे येऊ देत. तो मधुशेठ पण थंड पडलाय. कोणीतरी कान भरले वाटतं त्याचे."

अनंतांनी चहा आणून ठेवला. मैत्रेयीने कपाला हात लावला नाही. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"मधुकाका, मैत्रेयी. मी सकाळी थांबा म्हटलं होतं ना... पाठवा आता. कल्पेशच्याच लिंकवरून."

कल्पेशने कप तिच्याकडे सरकवला.

"चहा घे," तो म्हणाला. "निवतोय."