डावीकडचा तुलाराम

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पंचांनी खेळाडूंना मैदानात बोलावलं, तेव्हा जागेश्वर बुटाच्या नाडीकडे पाहत होता. नाडीचं टोक उसवलं होतं, भोकातून जात नव्हतं... "थुंकी लाव ना बे," डावीकडून तुलाराम म्हणाला, "साहेब झाला म्हणून काय झालं!"

कारखान्याच्या वार्षिक दिनाला जुन्या बास्केटबॉल खेळाडूंचा सामना होता. तुलाराम मळणी अर्धी टाकून कोंढ्याहून एसटीने आला होता. सात वर्षांनी. हसणं तेच, दम मात्र पहिल्या धावेतच लागलेला.

पंचाहत्तर साली दोघेही संघात रोजंदारीवर होते. कायम जागा एकच, आणि नागपूरच्या स्पर्धेत ज्याचे गुण जास्त, त्याला ती मिळणार — हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पास कुणी दिला याची नोंद गुणपत्रकात होत नसे. अंतिम सामना : बावन्न–त्रेपन्न, एका गुणाने मागे, सहा सेकंद बाकी. जागेश्वरचे अठरा, तुलारामचे सतरा; एका टोपलीचे गुण दोन. तुलाराम खेळताना ओरडत नसे; मोकळा असला की डावा हात वर करी. टोपलीखाली तो हात वर होता — आणि मी तो पाहिला, जागेश्वर मनाशी म्हणाला. मनगटावरचा काळा दोरासुद्धा पाहिला... चेंडू मी स्वतःच मारला. तो कड्यावर आपटून बाहेर गेला. संघ हरला. जागा जागेश्वरला मिळाली, तुलाराम धानाकडे परतला. वर्तमानपत्राने लिहिलं, 'जागेश्वरची एकाकी झुंज'. ते कात्रण बायकोने, तुळसाने, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज सकाळी शर्ट काढताना ते वाचावं लागतं.

आज चेंडू जागेश्वरच्या हातात आला की तो डावीकडेच जात होता. एकदा, दोनदा, पाचदा. तुलारामचे तीन नेम चुकले, मंडपात हशा पिकला.

"काहून मलेच देऊन राहिला बे?"

"तू मोकळा होता."

"मोकळा नाई, मांगे रायलो मी!"

खरं तर चेंडू नव्हे, ते सहा सेकंद त्याच्या हातात द्यायचे होते, आणि ते कुणाच्याही हाताने जात नव्हते. मध्यंतरात बाकावर बसल्यावर जागेश्वर म्हणाला, "तवा नागपूरले... मले तुझा हात दिसला होता."

तुलाराम पाणी पीत होता. त्याने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं.

"मी त बाबाले सांगतलं होतं, जागेश्वरले दिसला नसन म्हणून. बाबा मरेपर्यंत तुले शिव्या देत होते. मी भांडलो त्यायच्याशी."

मग तो वाकून बुटाची नाडी आवळू लागला. चिडला असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं — पण जागेश्वरला आता क्षमा नको होती, राग नको होता. हवं होतं ते त्याने स्वतःच नुकतंच संपवलं होतं. सात वर्षं कोंढ्यातल्या एका घरात कुणीतरी त्याची बाजू घेत होतं, आणि ते त्याला आज, संपल्यावर, कळलं.

पावणेपाचला उत्तरार्ध सुरू झाला. तुलाराम उतरला, पण उजव्या बाजूला. पहिल्या चार मिनिटांत चेंडू त्याच्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने तो इतरांना दिला. दोन्ही वेळा जागेश्वर मोकळा होता. गुण एकोणीस–एकोणीस.