चिंतामणदादाची सुई

मोरीच्या कोनाड्यातला साबणाचा डबा चारुशीलेने उचलला आणि मागे दडवलेल्या काचेच्या कुप्या तिच्या हाती लागल्या. पेथिडिन, कळा मारणारं औषध. मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या थोरल्या भावाला, चिंतामणदादाला, याच्याच सुया देत. पण त्या ऑपरेशनला आता सहा महिने होत आले होते.

बाहेरच्या खोलीत तिचा वकील नवरा रविकांत दुपारच्या सभेचं भाषण घोकत होता. अमरावतीची वकीलमंडळी सरकारकडे मागणी करणार होती, की असली नशेची औषधं चिठ्ठीशिवाय नुसती जवळ सापडली तरी दंडावर सोडू नये, थेट तुरुंगात घालावं. "विकणारा आणि बाळगणारा, दोघेही सारखेच गुन्हेगार!" त्याचा आवाज घरभर घुमत होता.

विश्रांतीला आलेला दादा माजघरात घामाने थबथबून पडला होता. चारुशीलेने मूठ उघडून दाखवली.

"दुखणं केव्हाच गेलं, चारू," तो पुटपुटला. "पण सुई नाही घेतली तर जीव जाते."

"वामनराव डॉक्टरांना दाखवू ना."

"अन् त्यांनी पोलिसाले कळवलं तर? मास्तरकी जाईल माही. तुह्या नवऱ्याचं भाषण ऐकून राहिली ना? त्याले सांगशील तर माही शपथ आहे तुले."

तिने कुप्या परत ठेवल्या. रविकांत सभेला गेला. कणीक मळताना, निवडणं करताना तिचे कान माजघराकडेच होते. चहा घेऊन गेली तर दादा हाकेला ओ देईना. ओठ काळेनिळे, श्वास एक आला की पुढचा येतो की नाही असा. सुई उशीजवळच पडलेली.

तेवढ्यात रविकांत हसत घरात शिरला. "ठराव पास! एकटे वामनरावच आडवे आले. म्हणे, जेलच्या भीतीनं रोगी माझ्याकडे यायचेच नाहीत. असं गप्प केलं त्यांना..."

शपथ मोडून चारुशीलेने एका दमात सगळं सांगितलं. 

"आधी त्या कुप्या फेक," तो म्हणाला.

"फेकल्या तर डॉक्टरांना दाखवू काय? जा ना हो! माझा दादा चालला!"

तो अनवाणीच धावला. वामनराव आले. त्यांनी एवढंच विचारलं, "काय घेतलं?"  चारुशीलेने कुपी डॉक्टरांच्या हातावर ठेवली; नाव वाचून त्यांनी लगेच उताऱ्याची सुई टोचली.

दिवेलागणीला दादाने डोळे उघडले. "पोलीस आले का?" त्याने विचारलं.

"नाही," वामनराव म्हणाले, "माझ्या घरी चला."

त्यांनी त्याला महिनाभर ठेवून घेतलं, हळूहळू सुई सोडवली. शाळेत कावीळ म्हणून कळवलं. ठराव मात्र सरकारकडे गेला, रविकांतने तो मागे घेतला नाही. त्या विषयावर नवराबायको पुन्हा कधी बोललेही नाहीत. गल्लीत पोलिसांसारख्या बुटांचा आवाज आला, की चारुशीलेच्या हातातलं काम थांबे; बूट पुढे निघून गेले, की ती पुन्हा कामाला लागे.