दुपारी एकचा काळोख

मी कॅमेरा बोलतोय. लग्नकार्यात मिरवणारा नव्हे हं! खांबाला बांधून ठेवलेला, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. सध्या मुक्काम आयर्लंडमधल्या ॲथलोनला, कौमुदीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता तीही म्हणते. एका बाजूला पोह्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला ओट्स. बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलं.

कौमुदी पुण्याची. इथल्या विद्यापीठात पीएचडी करते, विषय बिल्बी. सशासारखे लांब कान, टोकदार नाक, वाळवंटात बीळ खणून राहणारा लाजरा प्राणी. बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांनी आणि मांजरांनी ऑस्ट्रेलियात त्यांचा पार फडशा पाडला. म्हणून तिथे वाळवंटाचा एक तुकडा उंच जाळीने बंद केला, आत एकही शिकारी शिरणार नाही असा, आणि अकरा बिल्बी सोडले. पहाऱ्याला मी.

२०२०च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला निघताना तिने याच ओट्यावर माझे सेल बदलले. चहा उकळेपर्यंत घड्याळही लावून टाकलं. "ग्रँड!" म्हणाली, इथली माणसं 'झकास'ला म्हणतात तसं, आणि मला बॅगेत कोंबलं.

खांबावर फार एकटं वाटायचं. मैलोन्‌मैल माणूस नाही. वारा, गवत, वाळू. पण बिल्बी यायचे. कानाला चीर असलेली एक मादी रोज माझ्यासमोर थांबायची, नाक वर करून हुंगायची. जगात माझं कुणी असेल तर ती, असं मला वाटायला लागलं.

नऊ फेब्रुवारीला जाळीला भोक सापडलं. कोल्ह्याचे ठसे आत आलेले, बाहेर गेलेलेही. तिथेच राहणारा संशोधक शैलेंद्र, त्याने संध्याकाळी सहाला भोक बुजवलं. "गेला वाटतं," म्हणाला. कसला जातोय! त्यानंतर तो कोल्हा माझ्यासमोरून गेला. मी फोटो काढला. ओरडता आलं असतं तर गळा फाटेस्तोवर ओरडलो असतो हो.

मार्चमध्ये कौमुदी मला घेऊन परतली आणि लॉकडाऊन लागलं. चाळीस हजार फोटो, बहुतेकांत नुसतं हलणारं गवत. ती एकटी बसून एकेक बघायची, प्राणी आहे की नाही एवढंच; खालच्या वेळेकडे लक्ष कुठलं! फोनवर शैलेंद्र म्हणायचा, "बिल्बी कमी दिसतायत गं. आजार आहे की काय, कळत नाही."

मेमध्ये तो फोटो आला. खाली वेळ, नऊ फेब्रुवारी, दुपारी एक.

"म्हणजे भोक बुजवायच्या आधीचा," ती पुटपुटली आणि पुढे गेली. मग मागे आली. "एक मिनिट. भर दुपारी एवढा काळोख?"

तिने कपाळाला हात लावला. माझं घड्याळ ॲथलोनच्या वेळेवर होतं! वाळवंट साडेदहा तास पुढे. खरी वेळ रात्री साडेअकरा.

"शैलेंद्रदादा, कोल्हा आत आहे! तीन महिने आतच आहे. घड्याळ मीच चुकीचं लावलं," ती फोनवर रडत होती.

"रडू नकोस. सापळे लावतो. ठेव फोन."

चौथ्या दिवशी कोल्हा सापडला. बिल्बी उरले होते चार. कानाला चीर असलेली त्यांत नव्हती.

२०२१ उजाडलं, तरी ऑस्ट्रेलियाची दारं बंदच. एका सकाळी कौमुदीने मला खिडकीत ठेवलं, दया आली असावी. रिकाम्या रस्त्यावरून एक कोल्हा आला, ऐटीत, घरच्या अंगणात फिरावं तसा. हा इथलाच, त्याचा काय दोष? तरी मी लगेच फोटो काढला. कौमुदीने फोटो पाहिला, खालची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी दोनदा ताडून बघितली, आणि मला पुन्हा प्रेसमध्ये ठेवलं.

चाराचे आता सात झालेत म्हणे. मला बघायचेत ते. कौमुदी, नेशील ना गं मला? फक्त खांबाला बांधायच्या आधी घड्याळ तिथलं लाव. मग महिनोन्‌महिने एकटं सोडलंस तरी मी कुरकुर करणार नाही. पण मला दिसेल ते तुला वेळेवर कळू दे.