डावीकडे आवडला, उजवीकडे नाही

“अहो, हिला दोन तोंडं देताय खरी, पण मधली फळी घट्ट बसवा. इकडचं तिकडे झालं तर बिचारीवर उगाच आळ यायचा.”

सुताराची बायको असं म्हणाली होती. जन्माला येताना माझ्या कानी पडलेला तो पहिला आवाज. बोलता बोलता ती पॉलिश पेपरने माझ्या कडा घासत होती आणि हात चालतो तसं गुणगुणत होती:

दोन दारं गं पेटीला, एका दारी हसू येई
दुज्या दारी डोळा पाणी, मधे फळी उभी राही

मित्रांनो, तेव्हा मी कोरी होते, अंगाला रंधा मारल्याचा वास होता. आज मी एक जुनी पेटी आहे. चित्रपटगृहाच्या जिन्याखालच्या खोलीत, फुटक्या दिव्यांच्या आणि पाय मोडलेल्या स्टुलांच्या शेजारी पडून असते. कोळ्यांनी माझ्या एका तोंडाला जाळं घातलं आहे. दुसरं उघडं आहे, त्यातूनच बोलते.

माझी हाडं खुर्च्यांची. चित्रपटगृहातल्या जुन्या लाकडी खुर्च्या काढल्या तेव्हा त्यांच्याच फळ्यांतून सुताराने मला घडवलं. बायकोचं ऐकून त्याने मधली फळी घट्ट बसवली, पण तळाची फळी नुसती खोबणीत सरकवून दिली. खिळा मारायचा राहिला. माणसाचं असंच असतं. ज्याची भीती घातली जाते तेवढंच तो सांभाळतो.

मला मालकीणबाईंनी करवून घेतलं. चित्रपटगृह त्यांचं. उंच, सडपातळ बाई, चष्मा नेहमी कपाळावर आणि कुलपाची किल्ली कमरेला. कुठला सिनेमा आणखी आठवडाभर ठेवायचा, कुठला उतरवायचा, हे त्यांना लोकांकडून कळून घ्यायचं होतं. “तोंडावर सगळे गोडच बोलतात,” त्या म्हणायच्या. म्हणून ही युक्ती. आत जाताना दारवाला तिकीट फाडून अर्धं हातात देई. बाहेर येताना ते अर्धं माझ्यात टाकायचं. आवडला तर डाव्या तोंडात, नाही आवडला तर उजव्या. दर गुरुवारी सकाळी मालकीणबाई माझं झाकण उघडत आणि दोन्हीकडचे ढीग वितीने मापत. डावीकडे जास्त भरलं की सिनेमा राहिला, उजवीकडे भरलं की गेला; आणि तो गेला की मगच माझं पोट रिकामं होई.

काय दिवस होते ते! लहान मुलांना उचलून धरावं लागे, मग ती दोन्ही तोंडांत हात घालून बघत. एका आजोबांनी तर माझ्या डोक्यावर थोपटून म्हटलं होतं, “आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं मत विचारलं.” मी फुगून गेले. लाकूड पावसाळ्याशिवाय फुगत नाही म्हणतात, पण मी फुगले होते.

मग तो सिनेमा आला.

त्यात फार माणसं नव्हती. एक नवरा, एक बायको आणि एक लहानसं घर. बारा वर्षांचा संसार. एके दिवशी बायको बोलायची थांबते. नवरा विचारतो, विनवतो, ओरडतो, बशा फोडतो. मग तीही बोलते, आणि बोलते ती अशी की बाहेर माझी फळी थरथरायची. शेवटी दार उघडल्याचा आवाज येतो. पुढचं मला सांगता यायचं नाही, कारण मी बाहेरच्या दालनात. आणि बाहेर येणारं प्रत्येक माणूस वेगळाच शेवट घेऊन यायचं.

“गेली ते बरंच केलं तिनं.”

“बरं केलं? सोन्यासारखा संसार मोडला!”

“सोन्यासारखा होता ना? मग तुम्हीच घाला अंगावर!”

हे एक जोडपं. त्यांच्या मागून दोघी बहिणी. धाकटीचे डोळे सुजलेले. “अगं, डोळ्यांचं पाणी खळेना माझ्या,” ती म्हणाली. थोरली म्हणाली, “तुझं पाणी कांदा चिरतानाही खळत नाही. दोन तास नुसती भांडणं! त्यापेक्षा माझ्या जाऊबाईंकडे जाऊन बसायचं, तिथे हेच फुकट ऐकायला मिळतं आणि खुर्चीसुद्धा बरी असते.”

हसू नका मित्रांनो, कारण यानंतर जे सुरू झालं ते हसण्यासारखं नव्हतं. लोक माझ्याकडे बघेनासे झाले. ते एकमेकांच्या हातांकडे बघू लागले. नवऱ्याचं अर्धं तिकीट उजवीकडे पडायचं आणि बायकोचा हात डावीकडे वळला की तो थबकायचा. “तुला आवडला? काय आवडलं त्यात?” हा प्रश्न सिनेमाचा नव्हता, हे माझ्यासारख्या लाकडालाही कळत होतं. एका बाईने नवऱ्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे टाकलं आणि तो स्वच्छतागृहात गेल्यावर परत येऊन माझ्या डाव्या तोंडाशी क्षणभर नुसती बोटं टेकवली. मला तिचा संशय आला. मग तिच्या नवऱ्याचा आला. पुढे पुढे जो हात जवळ येई त्याचा मला संशयच येई. हा हात खरं टाकतोय, की कुणी बघतंय म्हणून टाकतोय?

मालकीणबाईंनी माझ्यासमोर पडदा लावला. त्याने उलटंच झालं. आधी हात दिसायचे, आता दिसेनात. मग लोक पडद्याखालचे पाय बघू लागले, कोण डावीकडे सरकलं, कोण उजवीकडे.

त्या बघणाऱ्यांत एक जण रोजचा होता, आपला दारवाला. सगळे त्याला भाऊ म्हणत. चौदा वर्षं त्याच दाराशी उभा. तिकीट असं फाडायचा की दोन्ही अर्धी जुळी वाटावीत. त्याची बायको, सगळ्यांची वहिनी, वरच्या खोलीत खुर्च्यांच्या फाटक्या खोळी शिवायची. चित्रपटगृहातल्या माणसांना दुपारचा खेळ बघायची मुभा होती, फक्त तिकीट घेऊनच आत जायचं. “घरचं असो की परकं, फाडल्याशिवाय आत नाही,” हा मालकीणबाईंचा कायदा.

वहिनी सहसा सिनेमा बघत नसे. हा मात्र तिने बघितला. दोन दिवसांनी पुन्हा बघितला. मग तिसऱ्यांदा.

भाऊने तो अजिबात बघितला नव्हता. दार सोडून कसा जाणार? तो फक्त दाराच्या फटीतून भांडणं ऐकायचा आणि बाहेर येणाऱ्यांना अडवून विचारायचा, “काय होतं हो शेवटी?”

“ती जाते,” एक जण म्हणाला.

“तो घालवतो तिला,” दुसरा म्हणाला.

तिसरी एक मास्तरीणबाई होती. चष्मा पुसत म्हणाली, “कोणी कुठे जात नाही. दार तेवढं उघडं राहतं.”

भाऊ त्या तिघांच्या पाठीकडे बघत उभा राहिला. एकच सिनेमा आणि शेवट तीन. यातला कुठला शेवट आपली बायको पुन्हा पुन्हा बघते आहे? त्याच्या मनात किडा शिरला, आणि लाकडात राहणारी मी, किड्याचा आवाज मला ओळखू येतो.

वहिनी चौथ्यांदा आली तेव्हा भाऊने तिचं तिकीट फाडलं आणि अर्धं तिच्या हातात देण्याआधी अंगठ्याच्या नखाने त्याच्या कोपऱ्याला बारीक खाच पाडली. नखाच्या चंद्राएवढी. मी पाहिलं. वहिनी मान खाली घालून आत गेली.

खेळ सुटला. दालन रिकामं झालं. भाऊने इकडेतिकडे पाहिलं, मला आडवं केलं आणि तळाची फळी सरकवली. खिळा नसल्याचं त्याला कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. आजवर कुणी माझ्या पोटात असा हात घातला नव्हता. खाचेचं तिकीट त्याला डावीकडे सापडलं. आवडला! त्याने ते होतं तिथे परत टाकलं आणि फळी लावली.

पाचव्या वेळी ते उजवीकडे सापडलं. भाऊ त्या दिवशी शीळ घालत दिवे लावत होता.

सहाव्या वेळी पुन्हा डावीकडे. सातव्या वेळी उजवीकडे. आता त्याची शीळ गेली, जेवणावरची वासनाही गेली. डब्यातली पोळी तशीच परत जाऊ लागली. विचारायचं तर कसं? विचारलं की चोरी कबूल. तो फक्त बघत राहिला. ती जिना उतरली की बघायचा, केस नीट करताना बघायचा, खेळ सुटायच्या आधीच दाराला कान लावून उभा राहायचा आणि ती बाहेर आली की तिच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते वाचायचा. पूर्वी तो उशिरा एकटा घरी जाई. आता दुपारी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला जाऊ लागला. सोडायला कसला, कोण भेटतं ते बघायला.

आणि वहिनी? खरं सांगते, मला तिचाही संशय येऊ लागला होता. कारण पडद्याआड ती माझ्यासमोर उभी राही, खाचेवरून बोट फिरवी, किंचित हसे आणि मग ठरवल्यासारखं कधी इकडे, कधी तिकडे टाकी. तिला माहीत होतं! मग ती गप्प का? नवरा झुरतोय आणि ही हसते? कुठल्या मातीची बाई ही, असं माझ्या मनात आलं.

नवव्या वेळेनंतरचा बुधवार. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई वीत लावणार होत्या. डावीकडे थोडं जास्त होतं, म्हणजे सिनेमा राहणार होता. दुपारचा खेळ सुटला होता, पुढच्याला वेळ होता. काचेतून ऊन थेट माझ्या अंगावर आलं होतं. भाऊने मला आडवं केलं, फळी सरकवली, आणि या वेळी नुसतं शोधलं नाही. त्याने डावीकडची मूठभर तिकिटं काढून उजव्या कप्प्यात कोंबली. मग आणखी एक मूठ. सिनेमा गेला की बायको राहील, असा त्याचा हिशेब.

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत पण जीभ नाही. त्या मुठीत त्या धाकट्या बहिणीचं रडू होतं. कुणाकुणाचं लपून टाकलेलं मन होतं. मी ओरडले असते.

“अहो, काय हरवलं?”

वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. काखेत खुर्चीची खोळ, ओठांत सुई.

“काही नाही. जरा साफसफाई.”

“पेटीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून?”

तिने सुई खोळीत टोचली, खोळ खाली ठेवली आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. माझ्या दोन्ही कप्प्यांतल्या तिकिटांवरून तिने हात फिरवला, तांदळातले खडे वेचावेत तसा, आणि खाचेचं एकेक तिकीट उचलून फरशीवर रांगेत मांडलं. सहा.

“हीच शोधत होतात ना?”

“तुला... कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. कापडातली भोकं शोधण्यात माझा जन्म गेला, मला ही दिसायची नाही होय? आणि तुम्ही कधी वाकडं तिकीट फाडलंय का? जगाचं सरळ फाडता आणि माझंच तेवढं कुरतडता.”

“मग इकडे एक तिकडे एक का टाकत होतीस? माझा जीव घ्यायला?”

भाऊच्या हातात अजून एक मूठ होती. ती मूठ त्याला बंदही ठेवता येईना आणि उघडताही येईना. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

“खरं सांग. त्या बाईसारखं तुझ्या मनात आहे का? जायचं आहे का तुला?”

“आधी ती मूठ होती तिथे टाका. लोकांची आहे ती.”

त्याने ती डावीकडे टाकली. उजवीकडे कोंबलेली, चुरगळलेली तिकिटंही तिने त्याला वेचून परत डावीकडे टाकायला लावली, चुकलं तिथे टोकलं. मग फळी खोबणीत सरकवून मला सरळ उभं केलं.

मित्रांनो, तेवढ्या वेळात मी तुम्हाला एक विनंती करून घेते, कारण पुढचं तिचं बोलणं झाल्यावर मला काही बोलायचं नाही. माणसाचं मन कळून घ्यायला पेटी लावू नका. लावलीच, तर तिच्या तळाला खिळा मारा. आणि आपलं माणूस असेल, तर चोरून त्याचं तिकीट वाचू नका. समोर बसा, विचारा. उत्तर डाव्या-उजव्यात मावणारं नसतं, म्हणून तर ते माझ्यात पडत नाही.

वहिनीने खोळ उचलली, मांडीवर घेतली आणि तिच्या शिवणीकडे बघत म्हणाली,

“सिनेमा मला तीनदा बघून पुरला. आवडला, आणि नाहीही आवडला. त्यानंतर आत बसून मी पडद्याच्या उजेडात खोळींना काजं करत होते. पडद्याकडे बघतच नव्हते.”

“मग कशाला येत होतीस?”

“चौदा वर्षं तुम्ही दाराशी उभे आहात. रोज शंभर माणसं बघता, शंभर तिकिटं बघता. मी जिना उतरून शेजारून जायचे, तुम्हाला कळायचंसुद्धा नाही. मी कुठली साडी नेसलेय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं तुम्हाला. आणि या तीन आठवड्यांत...” मान वर करून तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “या तीन आठवड्यांत तुम्ही माझी वाट बघत उभे राहिलात. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत. कोपऱ्यापर्यंत सोबत आलात. जायचं नव्हतं हो मला कुठेच. संशयानं का होईना, बघत तर होतात.”