नरहररावांचं सेव्ह

समीर जेवणाच्या टेबलाखाली आडवा पडून दोन्ही हातांनी तारा दाबून धरत होता आणि केबल बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरत होता. टेबलावर तळहाताएवढा कॉम्प्युटर होता. करोंद मंडीतल्या धर्मकाट्यावर ट्रकचं वजन मोठ्या बोर्डावर दाखवायचं, एवढंच त्याचं काम. दुपारी व्यापारी बघायला येणार होता. ऑर्डर मिळाली तर समीरचा स्वतःचा धंदा. नाहीतर सोमवारी मामाच्या ओळखीने सरकारी कारकुनीचा इंटरव्ह्यू. तसं वडिलांनी, नरहररावांनी, त्याच्याकडून कबूलच करून घेतलं होतं.

आणि काल ठणठणीत असलेलं हे कार्टं आज बोलेना. लॅपटॉपला जोडलं की एखादी ओळ गुण्यागोविंदाने यायची, मग स्क्रीन गपगार. बंद करून चालू केलं की पुन्हा तेच नाटक. तार सैल असेल म्हणून समीर सकाळपासून टेबलाखाली, आणि टायपिंगला नरहरराव. निवृत्तीनंतर प्रथमच कीबोर्ड हाती आल्यामुळे ते भलतेच खुशीत होते.

“पुन्हा अटकलं बघ,” ते म्हणाले. “कारकुनीत ही भानगड नसते.”

समीर तणतणत बाहेर आला. तो छोटा कॉम्प्युटर बंद-चालू करून म्हणाला, “माझ्यासमोर टाइप करा.”

नरहररावांनी ओळ लिहिली, एंटर मारला आणि करंगळीने कंट्रोल धरून ऐटीत एस दाबला. स्क्रीन गप्प.

“हे काय केलंत?”

“सेव्ह! लाइटचा काय भरवसा? अख्खी नोकरी ओळीओळीला सेव्ह केलंय मी. एक नोटशीट गेली नाही.”

“बाबा, इथे ते सेव्ह नाही हो! इथे ते दाबलं की हा बोलायचा थांबतो. सकाळपासून तुम्ही त्याचं तोंड दाबून बसलाय!”

समीरला रडावं की हसावं कळेना. त्याने कंट्रोल धरून क्यू दाबला. तुंबलेल्या ओळी भसाभसा बाहेर आल्या.

“बघ,” नरहरराव म्हणाले, “सगळं सेव्ह होतं की नाही?”

व्यापारी आला, बघून गेला, ऑर्डर देऊन गेला. नरहररावांनी ठरल्याप्रमाणे मामाला फोन करून इंटरव्ह्यू रद्द केला. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“घरी बसून वेड लागायची पाळी आली होती रे. सोमवारपासून दहाला मी इथे बसतो. टायपिंग माझ्याकडे.”

सरकारी ऑफिस टळलं होतं आणि ऑफिसच घरी येत होतं. पण इतके आनंदलेले बाबा समीरने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. त्याला नाही म्हणवेना.

“अर्ज करावा लागेल,” तो म्हणाला.

नरहरराव लगेच कागद शोधायला उठले.